नायटिनॉलची तार नेमकी कितीला बदलते? चार तापमानं स्वतः मोजण्याची पद्धत

नायटिनॉल हा आकार लक्षात ठेवणारा धातू: थंड असताना वाकवला तरी ठरावीक तापमानाला मूळ आकारात परत येतो. त्याची तार विकत घेतली की वेष्टनावर या तापमानाचा एकच आकडा असतो: ‘६० अंश’ किंवा ‘४५ अंश’. तो आकडा तारेचा कायमचा गुण समजून लोक यंत्र बांधायला घेतात आणि तिथेच घोटाळा होतो. तार भट्टीतून काढली, वाकवली, तिला वजन लावलं की आकडा सरकतो. शिवाय एका आकड्यात हा बदल मावतच नाही. तापवताना तो कुठे सुरू होतो, कुठे संपतो, आणि थंड करताना पुन्हा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, अशी चार तापमानं लागतात. ती महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या साध्या सामानावर दोन अंशांच्या आत मोजता येतात. कसं, ते पुढे आहे.

आत काय घडतं

नायटिनॉल म्हणजे निकेल आणि टायटॅनियम जवळजवळ समसमान अणुसंख्येत. नाव आलं निकेल, टायटॅनियम आणि अमेरिकेतल्या नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरीच्या आद्याक्षरांवरून. तिथे विल्यम ब्यूलर १९५९ च्या सुमारास क्षेपणास्त्राच्या टोकासाठी मिश्रधातू शोधत होते. ओतून थंड झालेली कांडी जमिनीवर टाकली तर बद्द आवाज, आणि नुकतीच ओतलेली गरम कांडी टाकली तर घंटेसारखी टणटणीत. या धातूतलं रूपांतर आधी कानाला कळलं, डोळ्याला नंतर. जाड कांडी हाताशी असेल तर हा प्रयोग आजही करून पाहावा, फुकट आहे.

उच्च तापमानाची प्रावस्था, म्हणजे अणूंची मांडणी, ऑस्टेनाइट. तिची स्फटिकरचना बी-२ प्रकारची: घनाच्या कोपऱ्यांवर एक जातीचे अणू, मध्यभागी दुसऱ्या जातीचा, बाजू ०.३०१५ नॅनोमीटर. थंड झाल्यावर होतं मार्टेन्साइट, रचना बी-१९ प्राइम. ती एकनताक्ष, म्हणजे एक कोन काटकोनाऐवजी जवळपास ९७ अंशांचा. या बदलात अणू जागा सोडून भटकत नाहीत. शेजाऱ्यांचा हात धरून सगळी रांग एकदम कलते. म्हणूनच तो झटपट होतो आणि उलटाही फिरतो. पोलादातही मार्टेन्साइट होतं, पण तिथे कार्बन अडकून बसतो आणि तापवल्यावर कार्बाइड होऊन बाहेर पडतो, त्यामुळे परतीची वाट बंद होते.

एक गोष्ट मोजणीच्या दृष्टीने महत्त्वाची. मोकळी तार थंड केली तर तिची लांबी जवळजवळ बदलत नाही. मार्टेन्साइट २४ वेगवेगळ्या दिशांनी तयार होऊ शकतं, आणि या दिशा एकमेकींचा कल फेडून टाकतात. बाहेरून तार जशीच्या तशी, आत सगळं घर फिरलेलं. म्हणून लांबीवरून रूपांतर ओळखायचं तर वजन लावावं लागतं, आणि वजन लावलं की तापमान सरकतं. यातून सुटका विद्युत रोधाने होते. त्याला वजन लागत नाही. आपण दोन्ही करणार आहोत, कारण दोन्ही मिळूनच तारेची खरी ओळख पटते.

काही प्रक्रियांनंतर मध्ये तिसरी एक प्रावस्था येते, आर-प्रावस्था. घन कर्णाच्या दिशेने किंचित ताणल्यावर जे होईल ते तिचं रूप. आकारातला फरक तिच्यात लहान असतो, पण रोध चांगलाच वाढतो. तिच्यामुळे किती आलेख ‘बिघडले’ म्हणून टाकून दिले जातात, याची मोजदाद नाही.

सामान

तार ०.२५ मिमी व्यासाची, पाच मीटर पुरे. वेष्टनावरचा आकडा ५० ते ७० अंशांमधला असावा, म्हणजे पाण्यातच सगळं उरकतं. ९० अंशांची तार घेतलीत तर तिचा शेवटचा टप्पा पाण्यात गाठता येणार नाही आणि सिलिकॉन तेलाच्या खर्चात पडाल. तुलनेसाठी एक मीटर सुपरइलॅस्टिक तारही घ्या. दात सरळ करायला ऑर्थोडॉन्टिस्ट वापरतात ती याच जातीची. खोलीच्या तापमानाला ती वाकवून सोडली की तिथल्या तिथे परत येते, कारण ती आधीच ऑस्टेनाइट आहे.

तारेचा व्यास मायक्रोमीटरने तीन जागी मोजा. ०.२५ ऐवजी ०.२६ निघाला तर क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी चुकतं आणि पुढचे ताणाचे सगळे आकडे तेवढेच चुकतात.

भट्टी मफल प्रकारची, चेंबर किमान १८० मिमी खोल. के-टाइप थर्मोकपल दोन. उंच दोन लिटरचा बीकर, चुंबकी ढवळणीची हॉटप्लेट. ०.१ मिलिव्होल्टपर्यंत वाचणारा मल्टिमीटर, म्हणजे २०० मिलिव्होल्टची रेंज असलेला कुठलाही साधा चालेल. स्थिर प्रवाहासाठी एलएम-३१७ आयसी, १५ ओहम अर्ध्या वॅटचा रोधक आणि ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर. यातलं इलेक्ट्रॉनिक सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं. फिजिक्सच्या प्रयोगशाळेतला ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप मागून आणा. धूळ खात पडलेला असतो बहुधा.

तार कापायला साधी कटिंग पक्कड वापरू नका. तिच्या धारेला खाच पडेल. कडक पोलादी तारेसाठीची पक्कड घ्या, आणि कापताना गॉगल लावा, कारण तुकडा उडतो. निकेलची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी हातमोजे घालावेत. तार घासायची ती ओल्या पॉलिश कागदाने, टायटॅनियमची कोरडी बारीक भुकटी पेट घेऊ शकते.

पहिला टप्पा: भट्टी

खेचून बारीक केलेली तार आतून ठोकलेल्या पत्र्यासारखी असते, स्थानभ्रंशांनी, म्हणजे अणूंच्या रांगांमधल्या दोषांनी, खचाखच भरलेली. तिचं रूपांतर अस्पष्ट, पसरट होतं. तार ‘स्ट्रेट अनील्ड’ (सरळ ठेवून भट्टीत तापवलेली) म्हणून विकत घेतली असेल तरी एकदा स्वतः भट्टी दिल्याशिवाय मोजू नका, कारण कारखान्याने तिला काय दिलं ते तुम्हाला माहीत नसतं.

३०४ स्टेनलेसची ४ मिमी जाड, १४० बाय ३० मिमी पट्टी घ्या. १२० मिमी अंतरावर दोन एम-४ स्क्रू, वॉशरसह. तार दोन स्क्रूंमध्ये सरळ ताठ बसवा. ओढून ताणायची नाही, फक्त झोळ नको. स्क्रू हाताने घट्ट करून वर पाव फेरा. जस्ताचा मुलामा दिलेले चकचकीत स्क्रू इथे चालत नाहीत. जस्त ४२० अंशांना वितळतं आणि तारेला चिकटतं. पट्टीच्या कडेत १.५ मिमीचं भोक पाडून थर्मोकपल तिथे खुपसा. भट्टीच्या दर्शकावरचा आकडा हवेचा असतो, पट्टीचा नव्हे. दार उघडून पट्टी ठेवल्यावर हवा लगेच ५०० दाखवते, पट्टी कित्येक मिनिटं मागे रेंगाळते. घड्याळ सुरू करायचं ते पट्टी ४९५ ला पोचल्यावर.

तीन तुकडे करा. पहिला ५०० अंशांना १० मिनिटं, दुसरा ५५० ला १० मिनिटं, तिसरा ४५० ला ६० मिनिटं. वेळ झाली की पट्टी सांडशीने उचलून तीन सेकंदांत बादलीभर पाण्यात. बादली भट्टीला खेटून ठेवू नका, पण दोन पावलांपलीकडेही नको.

लोहार पोलादाला पाणी देतो ते कठीण करायला. इथे पाणी देण्याचं कारण वेगळं आहे. निकेल जरा जास्त असलेली तार सावकाश थंड झाली, किंवा ४०० ते ५०० अंशांत रेंगाळली, की निकेल-४ टायटॅनियम-३ या संयुगाचे सूक्ष्म कण बाहेर पडतात. कणात निकेल जास्त, म्हणून उरलेल्या धातूत निकेल कमी, आणि निकेल कमी झालं की रूपांतराचं तापमान चढतं. किती चढतं? समप्रमाणाच्या पलीकडे अणुटक्केवारीत ०.१ चा फरक म्हणजे साधारण १० अंश किंवा त्याहून जास्त. रासायनिक पृथक्करण एवढ्या बारकाईने करणं अवघड, म्हणून या धातूची प्रत व्यवहारात टक्केवारीवर ठरत नाही, रूपांतराच्या तापमानावर ठरते.

आता तीन तुकड्यांचा उपयोग कळेल. सुपरइलॅस्टिक तार साधारण ५०.८ अणुटक्के निकेलची, म्हणजे वजनाने जवळपास ५५.९ टक्के. तिचे असेच तीन तुकडे केलेत तर ४५० ला तासभर राहिलेला बाकीच्यांपेक्षा बराच वर बदलेल. ६० अंशांची तार मात्र समप्रमाणाच्या जवळ असते. तिच्यात बाहेर पडायला जादा निकेलच फारसं नाही, म्हणून तिचे तीन तुकडे एकमेकांच्या जवळ राहतील. म्हणजे भट्टीच्या वेळा बदलून तापमान हलतं की नाही, यावरून संघटनाचा अंदाज घरबसल्या लागतो.

तारेवर पिवळसर, तपकिरी, निळी झाक येईल. तो ऑक्साइडच्या थराच्या जाडीचा खेळ. रंगावरून तापमान सांगणाऱ्याचं ऐकू नका. आणि ‘जरा जास्त तापवलं तर काय बिघडतं’ म्हणून ७०० च्या वर नेलंत तर धातूचे स्फटिककण मोठे होतात, ताकद जाते, आणि मूळ आकार पूर्ण परत येणं बंद होतं.

दुसरा टप्पा: थर्मामीटर तपासा

हा टप्पा सगळे गाळतात. थर्मोकपल आणि मीटर मिळून तीन अंशांची चूक सहज देतात. कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी यांच्या लगद्यात शून्य दाखवतो का पाहा. मग उकळतं पाणी. पण १०० ची अपेक्षा फक्त समुद्रकिनारी. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर, तिथे पाणी ९८ च्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला साडेपंचाण्णवच्या जवळ. पुण्यात बसून थर्मामीटर १०० ला ‘दुरुस्त’ केलात तर दोन अंशांची चूक स्वतःच्या हाताने घातलीत.

तिसरा टप्पा: रोधाची मोजणी

नायटिनॉलला साधं कथील धरत नाही, वरचं टायटॅनियम ऑक्साइड त्याला चिकटू देत नाही. म्हणून सांधे चेपून करायचे. तारेवर चार जागी ६०० नंबरच्या ओल्या पॉलिश कागदाने ऑक्साइड खरवडा. आतल्या दोन जागांमधलं अंतर नेमकं १०० मिमी, बाहेरच्या दोन त्यांच्यापासून ८ मिमी पलीकडे. प्रत्येक जागी तांब्याच्या बारीक नळीचा ५ मिमी तुकडा किंवा बारीक लग चढवून, त्यातच जोडणीची तांब्याची तार घालून, क्रिम्पिंग पक्कडीने चेपा. बाहेरच्या दोन सांध्यांतून प्रवाह, आतल्या दोहोंवर व्होल्टमीटर. दोनच सांधे करून ओहमच्या रेंजवर मोजू नका. तारेचा रोध दोन ओहमच्या आसपास, सांध्यांचा आणि जोडतारांचा मिळून काही दशांश ओहम, आणि तुम्हाला शोधायचा आहे काही टक्क्यांचा बदल.

एलएम-३१७ च्या आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट पायांमध्ये १५ ओहम लावा, भार (म्हणजे आपली तार) अ‍ॅडजस्टकडून घ्या. प्रवाह १.२५ भागिले १५, म्हणजे ८३ मिलिअँपिअर. १०० मिमी तारेवर १४० ते १७० मिलिव्होल्ट मिळतील. ०.१ मिलिव्होल्टचा बदल म्हणजे ०.०७ टक्क्याच्या आसपास, पुरेसं आहे. प्रवाहामुळे तार स्वतः तापते का? सुमारे १२ मिलिवॅट उष्णता निर्माण होते. ढवळलेल्या पाण्यात ती तारेला दोन दशांश अंशांहून जास्त वर नेत नाही. हवेत मोजलंत तर हाच फरक अंश-दोन अंश होतो, म्हणून ओव्हनपेक्षा पाणी बरं.

पाण्यातून प्रवाह गळेल ही भीती अनेकांना वाटते. तारेचा रोध दोन ओहम, पाण्याचा हजारो. आणि व्होल्टता पाव व्होल्टच्या आत, पाण्याचं विघटन व्हायला १.२३ व्होल्ट लागतात. नळाचं पाणीही चालेल.

तार काचेच्या कांडीला दोन ठिकाणी दोऱ्याने सैल बांधा. घट्ट बांधली तर काच तिला ओढून धरते आणि फुकटचा ताण येतो. थर्मोकपलचं टोक तारेच्या मध्याला, स्पर्श न होऊ देता, दोन मिलिमीटरवर. बीकरमध्ये दीड लिटर पाणी, त्यात बर्फ, तापमान शून्याजवळ. ६० अंशांच्या तारेला बहुधा शून्य पुरतं. नाही पुरलं तर बर्फात मीठ घालून उणे १० पर्यंत जा.

तापवण्याचा वेग मिनिटाला १ अंश. दीड लिटर पाण्याला त्यासाठी फक्त १०५ वॅट लागतात, वर जे हवेत जाईल ते वेगळं. हॉटप्लेट सुरुवातीला मंद ठेवून वर चढताना वाढवत न्या. बाथरूमचा इमर्शन रॉड टाकायचा मोह टाळा: तो हजार वॅटचा, मिनिटाला नऊ अंशांनी पाणी चढवेल, आणि २३० व्होल्ट त्याच भांड्यात जिथे तुमचे हात आणि मीटर आहेत.

दर अंशाला मिलिव्होल्ट लिहा. दर पाच अंशांना प्रवाहाची दिशा उलटवून सरासरी घ्या, म्हणजे सांध्यांमधली औष्णिक व्होल्टता कटते. ९० अंशांपर्यंत जा, मग हॉटप्लेट बंद. थंड होण्याचा वेग ८० पर्यंत जास्त असतो, तिथे जाड टॉवेल गुंडाळा. ४५ च्या खाली पाणी सुस्तावतं, तेव्हा बर्फाचे बारीक खडे एकेक करून टाका. मूठभर एकदम टाकलात तर आलेखात खोटी पायरी उमटेल.

हे पूर्ण चक्र एकदा नाही, किमान तीनदा करा. भट्टीनंतरच्या पहिल्या काही चक्रांत थंड होतानाचं सुरुवातीचं तापमान थोडं थोडं खाली सरकतं, कारण प्रत्येक रूपांतर धातूत नवे स्थानभ्रंश मागे ठेवतं. कितव्या चक्राचा आकडा आहे ते लिहिलं नाही तर दोन माणसांचे निकाल कधीच जुळणार नाहीत.

आलेख वाचणं

आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर रोध. रूपांतराच्या दोन्ही बाजूंना रेषा साधारण सरळ असते, कारण कुठल्याही धातूचा रोध तापमानाबरोबर हळूहळू चढतोच. मधला वाकडा भाग तो बदल. दोन्ही सरळ भागांना स्पर्शरेषा, मधल्या सर्वांत तीव्र भागाला तिसरी. जिथे छेदतात ती तापमानं. तापवताना मिळतील ऑस्टेनाइटची सुरुवात आणि शेवट, लिहिताना ए-एस आणि ए-एफ. थंड करताना मार्टेन्साइटची, एम-एस आणि एम-एफ. डोळ्याने ‘इथे वळलं वाटतं’ म्हणून बिंदू ठरवायचा नाही, तीन माणसं तीन बिंदू सांगतात.

मधली पायरी वर जाईल की खाली, याची अपेक्षा आधी बांधू नका. तक्त्यांत ऑस्टेनाइटची रोधकता मार्टेन्साइटपेक्षा जास्त दिलेली असते, पण त्या रूपांतराच्या तापमानाला शेजारी-शेजारी मोजलेल्या नसतात. तुमच्या तारेत तापवताना रोध घसरूही शकतो. शोधायचा तो उताराचा बदल.

थंड करताना रोध आधी वर उसळला आणि मग खाली आला, तर मीटर बिघडलेला नाही. वर उसळणं म्हणजे ऑस्टेनाइटचं आर-प्रावस्थेत जाणं, खाली येणं म्हणजे आर-प्रावस्थेचं मार्टेन्साइट होणं. अशा वेळी थंड होताना दोन नव्हे, चार बिंदू लिहा. हा खरंच आर-प्रावस्थेचा टेकाड आहे का, याची खात्री अशी: टेकाडाच्या माथ्यापर्यंतच थंड करा आणि तिथूनच परत तापवा. परतीची वाट जवळजवळ त्याच रेषेवरून गेली, फरक पाच अंशांच्या आत राहिला, तर ती आर-प्रावस्था. मार्टेन्साइटच्या जाण्या-येण्यात ३० ते ५० अंशांचं अंतर असतं. चक्राचा मधलाच भाग तोडून घेण्याची ही युक्ती महागड्या यंत्रावर जेवढी उपयोगी, तेवढीच इथे.

चौथा टप्पा: वजन लावून

इथे ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप लागतो. डायल गेज लावू नका. त्याच्या आतल्या स्प्रिंगचा जोर १०० ग्रॅमच्या घरात असतो, आणि या तारेवर १०० ग्रॅम म्हणजे २० मेगापास्कल. मोजणारा हातच मोजमाप बदलतो.

१२० मिमी तार वर पक्क्या आधाराला. टोक वॉशरखाली दोन वेढे देऊन दाबायचं. गाठ मारलीत तर गाठीत तार मोडेल. खाली वजन, सगळं पाण्यात बुडालेलं. वजनासाठी ४० मिमी व्यासाची ३०४ स्टेनलेस सळई: २५ मिमी लांब तुकडा जवळपास २५० ग्रॅम, ५० मिमीचा ५००, ७५ मिमीचा ७५०. साधं लोखंड दोन कारणांनी नको. गंजतं, आणि खाली चुंबकी ढवळणी आहे, ती त्याला ओढते.

वजन पाण्यात आहे हे विसरू नका. ५०० ग्रॅमचा तुकडा ६३ ग्रॅम पाणी बाजूला सारतो, तारेवर भार उरतो ४३७ ग्रॅम. तीन तुकड्यांचे ताण अनुक्रमे सुमारे ४४, ८७ आणि १३१ मेगापास्कल, व्यास नेमका ०.२५ असेल तर.

प्रत्येक वजनाला थंड, गरम, थंड असं चक्र. वजनाच्या हुकावर बारीक ओरखडा काढून त्यावर मायक्रोस्कोपच्या भिंगातली आडवी रेघ ठेवा. थंड होताना तार लांबते, तापताना आखडते. सर्वांत जड वजनाला १०० मिमीमागे चार-पाच मिलिमीटर फरक दिसावा. ४४ मेगापास्कलला तो कमी येईल, आणि त्यात चूक नाही: कमी ताणाला २४ पैकी अनेक दिशा अजून एकमेकींना फेडत असतात. वजन वाढलं की ज्या दिशा ताणाला सोयीच्या, त्याच उरतात.

आता ताण उभ्या अक्षावर आणि एम-एस आडव्यावर टाका. तीन बिंदू रेषेत यावेत, उतार अंशामागे ६ ते ८ मेगापास्कल. म्हणजे प्रत्येक वजनाला तापमान सहा-सात अंशांनी चढलेलं दिसेल. ही रेषा खाली शून्य ताणापर्यंत वाढवा. तिथे जे तापमान निघेल ते रोधाच्या आलेखातल्या एम-एसशी दोन-तीन अंशांत जुळायला हवं. जुळलं नाही तर पहिला संशय व्यासावर, दुसरा दोऱ्याने घट्ट बांधलेल्या तारेवर.

याच उतारावरून रूपांतराची उष्णताही निघते. उतार गुणिले निरपेक्ष तापमान गुणिले विकृती (लांबीतला फरक भागिले मूळ लांबी), भागिले घनता. उतार अंशामागे ७ मेगापास्कल, तापमान ३२५ केल्विन, विकृती ०.०५, घनता घनमीटरला ६४५० किलो धरली तर उत्तर ग्रॅममागे १७.६ जूल. विकृती सर्वांत जड वजनाची घ्या. हलक्या वजनाची घेतलीत तर उत्तर विनाकारण लहान येईल. उष्मामापीवर अशा तारेला ग्रॅममागे २० जूलच्या आसपास मिळतं. एका स्टेनलेसच्या तुकड्यावर आणि मागून आणलेल्या मायक्रोस्कोपवर एवढं जवळ येणं वाईट नाही.

वाकवून परत येण्याची चाचणी

वैद्यकीय उपकरणांच्या जगात ए-एफ मोजायची रूढ रीत ही, आणि तीन चाचण्यांत सर्वांत सोपीही. बर्फाच्या पाण्यात तार ११ मिमी व्यासाच्या दांड्यावर यू आकारात वाकवा. बाहेरच्या कडेची विकृती निघते ०.२५ भागिले ११.२५, म्हणजे २.२ टक्के. मानकाला दोन ते अडीच हवी असते. ०.५ मिमी तार असेल तर दांडा २२ मिमी. हाताने अंदाजे वाकवलेल्या तारेत विकृती दहा टक्क्यांवर जाते, ती पूर्ण परत येत नाही आणि लोक म्हणतात तार खोटी आहे.

वाकवलेली तार लॅमिनेट केलेल्या आलेख-कागदावर, थंड पाण्याच्या उथळ ट्रेमध्ये. वर मोबाईल स्टँडला, चौकटीत थर्मामीटरचा दर्शकही दिसेल असा. मिनिटाला ४ अंशांहून कमी वेगाने तापवा. नंतर चित्रफितीतून दर दोन अंशांना टोकाची जागा वाचा, आलेख काढा, स्पर्शरेषा.

इथे एक सापळा आहे. मार्टेन्साइट वाकवलेलं असताना पहिल्या तापवण्यात ए-एस वर सरकलेलं येतं, कारण विकृत मार्टेन्साइट थोडं जास्त टिकाऊ बनतं. त्याच तारेला पुन्हा थंड करून, न वाकवता, रोधाने मोजलंत तर आकडा खाली येईल. दोन्ही खरे, फक्त प्रश्न वेगळे.

नमुना उष्मामापीकडे पाठवताना

विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत डीएससी (रूपांतरात शोषलेली-सोडलेली उष्णता शिखरांच्या आलेखात दाखवणारा उष्मामापी) उपलब्ध असेल तर २५ ते ४५ मिलिग्रॅम लागतं. या तारेच्या मिलिमीटरला ०.३२ मिलिग्रॅम, म्हणून ३० मिलिग्रॅमसाठी ९५ मिमी लांबी, चार-चार मिलिमीटरचे तुकडे करून. पक्कडीने कापलेलं प्रत्येक टोक चेपलेलं असतं आणि चोवीस तुकड्यांची अठ्ठेचाळीस टोकं शिखर पसरवतात. शक्य असेल तर बारीक हिऱ्याच्या चकतीने कापा आणि अ‍ॅसिटोनने धुवा. वेग मिनिटाला १० अंश सांगा, आणि खालची मर्यादा उणे १०० पर्यंत मागा. उणे २० ला थांबलात तर आर-प्रावस्थेनंतरचं मार्टेन्साइटचं शिखर कधी कधी दिसतच नाही.

मानक पद्धतीत डीएससीचा नमुना आधी ८०० ते ८५० अंशांना निर्वातात किंवा निष्क्रिय वायूत अनील करतात. तो आकडा मग मूळ मिश्रधातूचा होतो, तुमच्या ५०० अंशांच्या तारेचा नाही. अनील न करता तुमची तार आहे तशीच मोजून हवी असेल तर अर्जावर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर प्रयोगशाळा सवयीने अनील करून देते आणि दोन आकड्यांत वीस अंशांचं अंतर पाहून दोष तुम्ही स्वतःच्या बीकरला देत बसता. पाकिटावर भट्टीचं तापमान, मिनिटं, पाणी दिलं की हवेत ठेवलं, आणि आधी किती चक्रं झाली, एवढं पेन्सिलने लिहा. अ‍ॅसिटोनचा थेंब पडला तर शाई पुसली जाते.